मी माझ्या हाताने ‘साधा’ लिहिलं

“तुला कशाला भारीतला? पाड्यावरची पोर तू. चालू झाला तरी बास.”

सर असं म्हणाले आणि सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. त्याची लाज मला आजही वाटते.

जव्हारमधल्या आमच्या छोट्या संस्थेत नवे लॅपटॉप येणार होते. सगळे साधे, फक्त एकच जास्त ताकदीचा. कुणाला कोणता हवा आणि का, ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं होतं. पाड्यापाड्यावर फिरून पाण्याचे झरे शोधायचे आणि त्यांचा नकाशा करायचा, हे माझं काम. उपग्रहाची चित्रं, डोंगराचे उतार, सगळं एकावर एक चढवावं लागतं. साध्या लॅपटॉपला ते झेपत नाही. हे सरांनाही ठाऊक होतं. सर ऑफिसचे प्रमुख, पुण्याचे. ते पत्रं लिहायचे, फोटो पाठवायचे; त्याला साधाही पुरला असता.

तरी मी माझ्या हाताने लिहिलं, ‘साधा चालेल’.

“बघा, किती समजूतदार आहे,” सर म्हणाले. भारीतला त्यांच्या टेबलावर गेला.

मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. आमच्याकडे हे लहानपणीच अंगात मुरतं. मोखाड्याच्या बाजारात आई सुक्या मच्छीवाल्यापुढे बसली की आधी मोडक्या बोंबलांनाच हात लावायची. चांगल्याला हात लावला की तो चारचौघांत म्हणणार, “ए, ठेव ते, तुझं काम नाही.” ते ऐकण्यापेक्षा आपणच मोडकं उचलायचं. आईला वाटायचं, अब्रू वाचली. पदवी घेऊन मीही तेच केलं.

नकाशा उघडला की लॅपटॉप गोठायचा. अर्धा दिवस केलेलं काम जायचं. मी सरांना सांगितलं.

“बारके पाडे काढून टाक,” ते म्हणाले. “फाइल हलकी होईल.”

मी काढले. सात पाडे. त्यात पोशेऱ्याजवळचा माझा स्वतःचाही. झरे बांधून घ्यायची यादी वरच्या ऑफिसात त्याच नकाशावरून होणार होती. हे मला माहीत होतं, तरी काढले.

कच्चा नकाशा दाखवायला मी आमच्या पाड्यावर गेले. समाजमंदिरात कागद पसरला. आमची आते खाली वाकून बघत राहिली. स्वतःचे गुडघे दुखत असताना तीच मला करवंदीच्या जाळीतून खाली उतरवून झऱ्यापर्यंत घेऊन गेली होती.

“मी दावला त्यो झरा कठं हाय?”

मी म्हटलं, लॅपटॉप साधा आहे, आपला पाडा त्यात मावला नाही, काढून टाकला.

“मंग आपला पाडाच कशाला काढलास? दुसरा कुणाचा काढायचा व्हता,” शेजारची एक बाई म्हणाली.

“कुणाचाच कशाला?” आते म्हणाली आणि उठून गेली.

मला संताप आला. सरांचा आला, मच्छीवाल्याचा आला, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. त्यांनी मला कमी लेखलं, ते एक वेळ समजलं असतं. मी तर त्यांनी बोलायच्या आतच स्वतःला कमी करून ठेवलं होतं, आणि वर सात पाड्यांचं पाणी पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी साधा लॅपटॉप सरांच्या टेबलावर ठेवला. सोबत नवा कागद. ‘नकाशा मी करते. जास्त ताकदीचा लॅपटॉप मला हवा. आधी मी चुकीचं लिहिलं होतं.’ खाली सही.

“आगाऊपणा वाढलाय तुझा,” सर म्हणाले. “नकाशा सोमवारी पाठवायचाय.”

“पाडे वगळलेला नकाशा मी पाठवणार नाही.”

“मग दुसरं कुणीतरी करेल.”

“करू द्या. सातही पाड्यांची नावं मी वरच्या ऑफिसला लेखी कळवलीत. सकाळीच.”

या वेळी कुणी हसलं नाही. लॅपटॉप अजून मिळालेला नाही. नोकरीचंही सांगता येत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण यापुढे मला काय लागतं ते मीच सांगणार, आणि पूर्ण सांगणार. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं. त्यांचं ते काम मी करणार नाही.