दोन खुर्च्यांचं दुकान

राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. मुद्दामच. तिसरी ठेवली की तिसरं माणूस येऊन बसतं, आणि कोल्हापुरात तिसऱ्यापाठोपाठ चौथं आलंच. मी पुण्यात शिकून आले होते. एका वेळी एकाच माणसाशी, दार लावून बोलायचं, हे डोक्यात पक्कं होतं.

त्याच सुमारास मी एक ऑनलाइन वर्गही करत होते. शिकवणाऱ्या बाई दक्षिण आफ्रिकेतल्या. त्यांच्याकडचा विचार असा, की माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो. म्हणून दुखणं एकट्याचं नसतं आणि बरं होणंही एकट्याचं नसतं. उपचार त्या माणसाच्या लोकांना आणि रीतींना धरून करायचे. हे मी वहीत हिरव्या शाईने लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि पुन्हा दार लावून कामाला बसले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग उचगावहून एक तिशीतली बाई आली. नवरा जाऊन चार महिने झाले होते आणि तिनं जेवण जवळजवळ सोडलं होतं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून तिला माझ्याकडे पाठवलं होतं. सोबत सासू, जाऊ आणि भावकीतल्या दोघी.

"एक गेला म्याडम, आता ही बी जाईल," सासू म्हणाली.

मी गंभीर चेहरा करून चौघींना बाहेर जिन्यावर बसवलं.

तीन आठवडे ती माझ्यासमोर बसून फरशीकडे बघत राहिली. मी वहीत लिहिलं, 'शांततेला जागा दिली.' खरं तर मला काही सुचत नव्हतं. चौथ्या खेपेला मलाच यायला उशीर झाला. जिना चढताना आवाज आला आणि तो तिचा होता. जावेला टेकून ती नवऱ्याला चहात किती साखर लागायची ते सांगत होती, मधेच रडत होती, आणि सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला पाहताच ती गप्प झाली. म्हणजे उपचार जिन्यावर चालले होते आणि दर आठवड्याला मी ते बंद पाडत होते. मला भयंकर लाज वाटली.

खुर्च्या बाहेर काढल्या, चटई अंथरली, सगळ्यांना आत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटच्या सासूला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"हिचा दुखवटा काढायचा ऱ्हायलाय," ती लगेच म्हणाली. घरातलं माणूस गेलं की माहेरच्यांनी बाईला घरी नेऊन जेवू घालायचं, पहिला घास भरवायचा, मग ती पुन्हा जेवायला मोकळी. "हिच्या माहेरात कोण उरलं न्हाय. आमी घरातल्या, ह्या भावकीतल्या. आमीबी त्याच दुखवट्यात, आमाला काढता येत न्हाय." मग ती माझ्याकडे वळली. "तुमीच काढा की."

पेशंटला घरी जेवायला बोलवायचं नाही, हा आमचा नियम. मी घाबरून वर्गातल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या. "तुला तिच्या लोकांनी विचारलंय, मग तू मला कशाला विचारतेस?"

रविवारी पाचही जणी माझ्या घरी आल्या. मी एकटी राहते आणि मेसचा डबा खाते. भाकऱ्या मेसमधून मागवल्या. खीर आणि आमटी मोबाइलवर बघून बघून केली. ताटं वाढली. पहिला घास मी तिच्या तोंडाशी नेला. तिनं नाही खाल्लं तर पुढं काय, हे ना आफ्रिकेतल्या बाईंनी शिकवलं होतं, ना पुण्यानं.

तिनं घास घेतला. सावकाश चावला. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत बसल्या. मग तिनं मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं.

"ताई, आमटीत मीठ न्हाय की."

महिनाभरात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ती उठली, माझ्या स्वयंपाकघरात जाऊन तिनं मिठाचा डबा शोधला, आधी माझ्या वाटीत चिमूटभर घातलं, मग सगळ्यांच्या. शेवटी आपल्या ताटावर बसली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.