एक वाव नि वर एक हात

आमच्या रोडपालीच्या इमारतीत बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळीवाली येते. पहाटे करंजाहून निघते आणि साडेनऊला आमच्या जिन्यात असते. पंधरा वर्षांत तिचा खाडा झाला तो लेकीच्या लग्नात आणि एकदा कंबर धरली तेव्हा. वेळ पाळणारी माणसं मला आवडतात, म्हणून आमचं जमतं. मी एका मालवाहतुकीच्या ऑफिसात कंटेनरच्या फेऱ्या लावते. याद्या करणं हे माझं काम आहे आणि खोडही.

मे महिन्यात एका बुधवारी बांगडे साफ करता करता तिने सांगितलं की बोट विकली. नवरा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आणि बोट त्याच्याच मालकीची. गुडघे गेले होते आणि मुलगा कंटेनर यार्डात नोकरीला लागला होता. नवा मालक श्रीवर्धनकडचा. पावसाळी बंदी लागायच्या आत तो बोट घेऊन जाणार होता. हातात दोन रविवार होते.

"बाय, तुज्या त्या कॅमेऱ्यात आमची केबिन येल का?"

"बोट नको? केबिन?"

"बोटीचे फोटो पोराच्या मोबाइलात ढीगभर हायत. आतला धड एक नाय. जो काडतो तो म्हनतो, मागं सराया जागा नाय." तिने कोयता पाटीवर ठेवला. "बावीस वरसं तिची मासळी विकली मी. बोट धक्क्याला लागली की टोपली भरून निगायचं. आत बसलेली नाय कवा. आमी दोगं पायजेत, चाक पायजे, नि ती कुंकवाची बोटं."

कुंकवाची बोटं म्हणजे काय, तेही तिनेच सांगितलं. दर नारळी पौर्णिमेला, बोट पहिल्यांदा निघण्याआधी, ती धक्क्यावरून पूजेचं ताट वर देते. तांडेल त्यातल्या कुंकवात बोट बुडवून केबिनच्या डाव्या भिंतीवर एक रेघ ओढतो. अशा बावीस रेघा.

मुलाने मोबाइलवर काढलेला एक फोटो होता. त्यात बरंच काही आलं होतं, पण केबिन काळोखी, त्यामुळे आतल्या खलाशांच्या चेहऱ्यांवर पीठ चोळल्यासारखं दिसत होतं. मोठा करून भिंतीवर लावण्याजोगा नव्हता. मी हो म्हटलं आणि ती गेल्यावर वही काढली.

माझा कॅमेरा रेंजफाइंडर प्रकारचा आहे. डिजिटल, पण जुना. यात लेन्समधून बघायचं नसतं. शेजारी एक छोटी खिडकी असते. तिच्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. मागच्या पडद्यावर चित्र दिसतं ते फोटो काढून झाल्यावरच. पन्नाशीत स्वतःच्या पैशांनी घेतलेली ही एकच चैन, आणि तिच्याबरोबर माझ्याकडे एकच लेन्स होती, पन्नास मिलिमीटरची. ती केबिनमध्ये फार तर तांडेलाची मिशी टिपू शकली असती. वाइड लेन्स घ्यायची हे तीन वर्षं यादीत होतंच. आता तारीख पडली.

आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं. माझ्यापुढे दोन पर्याय होते: अठ्ठावीस आणि एकवीस. अठ्ठावीसच्या बाजूने बरंच काही होतं. कॅमेऱ्याच्या खिडकीत अठ्ठावीसची चौकट आखलेलीच असते, त्यामुळे वेगळं काही लागत नाही. काळोखात चांगली चालते. कडेची माणसं ताणली जात नाहीत. एकवीससाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक वेगळा फाइंडर बसवावा लागतो: खालच्या खिडकीतून फोकस करायचा, मग डोळा उचलून वरच्यातून चौकट बघायची. चष्मेवाल्यांना ही चांगली कसरत आहे. शिवाय कडेला जे येईल ते बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. वहीत अठ्ठावीस सरळ जिंकत होती. फक्त ती केबिनमध्ये पुरेल का, एवढंच ठरायचं होतं.

शुक्रवारी मासळीवालीने जिन्यातूनच नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"केबिन लांबीला किती? बाय इचारते."

"कशाला? ती घेनार हाय काय?"

"फोटोला रे! सांग मुकाट."

थोडा वेळ खुडबूड ऐकू आली. मग आवाज आला, "एक वाव नि वर एक हात."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर, हे मला माहीत होतं. दोर आणि जाळी त्यात मोजतात. वाव सहा फुटांचा आणि हात दीड फुटाचा, हेही माहीत होतं. साडेसात फूट लिहिलं. माझं डोकं आणि कॅमेरा यांना दीड फूट, चाकापुढची जागा अडीच फूट. उरले साडेतीन. तेवढ्या अंतरावर अठ्ठावीसमध्ये साडेचार फूट रुंदी मावते, म्हणजे दोन माणसं आणि चाक. हिशोब दोनदा तपासला.

शनिवारी मुंबईला फोर्टात जुन्या लेन्स विकणाऱ्याकडे गेले आणि अठ्ठावीसची घेतली. आठ दिवसांत आणली तर बदलून देईन, असं त्याने आपणहून सांगितलं.

"गरज पडणार नाही," मी म्हटलं.

रविवारी मासळीवालीने तिसरा खाडा केला. ठेवणीतलं लुगडं नेसून, गजरा माळून धक्क्यावर उभी होती. बोटीत चढताना तांडेलाने तिला हात दिला, मला नाही. केबिनचं दार बाजूला होतं, मागे भक्कम लाकडी भिंत. मी त्या भिंतीला पाठ टेकली. पुढे चाक, वर देवीची तसबीर, डावीकडे कुंकवाच्या रेघा. दोघं चाकापाशी बसले आणि माना वळवून माझ्याकडे बघू लागले.

खिडकीला डोळा लावला. चौकटीत तो पूर्ण होता, ती अर्धी होती आणि चाक जवळपास नव्हतंच. रेघांचा प्रश्नच नव्हता.

"जरा पुढे सरका."

"पुडं समुद्र हाय," तांडेल म्हणाला.

मी पिशवीतून टेप काढली. केबिन सहा फूट आठ इंच भरली. दहा इंच कुठे गेले ते मला कळेना. मी पुन्हा मोजलं.

"तुम्ही एक वाव एक हात म्हणाला होतात."

"मंग? हा बग वाव." त्याने उभं राहून दोन्ही हात पसरले. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं की तांडेल माझ्याहूनही बुटका आहे. मी टेप धरली. पाच फूट तीन इंच.

"वाव सहा फुटांचा असतो," मी म्हटलं. "वहीत लिहिलंय मी."

"वहीला हात हायत का? माजी जाळी माज्याच वावानं मोजली ना आजवर. मासा काय कमी आला?"

मासळीवाली हसत सुटली. हसता हसता थांबली आणि चाकाकडे बघत म्हणाली, "म्हंजे नाय येत ना? तरी मी बोलली व्हती याला, नाय येनार."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती गजरा सोडायला लागली. मी म्हटलं, गजरा पुढच्या रविवारी पुन्हा माळायचा आहे.

सोमवारी अर्धी रजा टाकून फोर्टात गेले. दुकानदाराने काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार. एकवीसची लेन्स आणि फाइंडर घेतला. आठवडाभर घरी सराव केला. स्वयंपाकघरात अडीच फुटांवर माझ्या नवऱ्याला बसवून: खाली फोकस, वर चौकट. पहिल्या वीस फोटोंत दहा वेळा फोकस विसरले, कारण वरच्या फाइंडरमधून सगळं नेहमीच स्वच्छ दिसतं. नवरा प्रत्येक फोटोत कडेला होता.

"माझा कान बघ, घरंगळतोय," तो म्हणाला. "मध्ये बसव ना मला."

मध्ये बसवलं तर तो अगदी जसा आहे तसा आला. मी ते लिहून ठेवलं: मधलं माणूस खरं दिसतं, कडेचं ओढलं जातं. मग लक्षात आलं की मध्ये जागा एकाच माणसाला आहे.

दुसऱ्या रविवारी हे मी दोघांना केबिनमध्ये स्पष्ट सांगितलं. बोट दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला निघणार होती, आडपडदा ठेवायला वेळ नव्हता. चाक बरोबर मध्ये होतं. चाकामागच्या स्टुलावर सवयीने तांडेल बसला होता, ती डाव्या भिंतीशी अंग चोरून उभी होती.

"कडंला बसलं तर काय व्हतं?" त्याने विचारलं.

"पोट सुटल्यासारखं दिसतं."

"ते तसंच हाय," ती म्हणाली.

तो उठला. गुडघा धरून उठला, म्हणून वेळ लागला. "तू बस हितं."

"मी? चाकावर?"

"बस गो. बांदून ठेवलीय बोट, बुडवशील तरी कशी?"

ती बसली. आधी हात मांडीवर ठेवले. त्याने ते उचलून चाकावर ठेवले, एक वर, एक खाली, आणि स्वतः रेघांशेजारी जाऊन उभा राहिला. मी खाली फोकस केला, वर चौकट बघितली. ती, चाक, तसबीर, तो, त्याच्या खांद्यामागे रेघा. शेवटची एक रेघ बाहेर राहत होती. मी भिंतीला डोकं दाबलं, तशी तीही आली. सोळा फोटो काढले. पाच फोकसमध्ये नव्हते, तीनमध्ये तो डोळे मिटून होता. सातव्यात ती माझ्याकडे बघत नव्हती, चाकाकडे बघत होती. तोच छापला.

जूनमध्ये ती बर्फातली सुरमई घेऊन आली. मी विचारलं, फोटो कुठे लावला?

"रांदनीत. शेगडीच्या समोर."

"आत? मग तांडेलांना कसा दिसणार?"

"त्याला कशाला?" ती सुरमईचे तुकडे करत म्हणाली. "त्यानं बगितलंय बावीस वरसं."