तुडुमाचा खुंटा आणि चाळीस शब्द

पुजाऱ्याला घरात पाऊल टाकू द्यायचं नाही, एवढं एक मी ठरवून टाकलं होतं. बाकी काहीच ठरलेलं नव्हतं, पण ते मी कोणाला कळू दिलं नाही.

दोन पावसाळे झाले त्याला. माझा थोरला भाऊ आमच्या गावच्या तळ्याचा पाणकर. म्हणजे तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या कोणत्या तुकड्यात, कोणत्या दिवशी, किती वेळ जायचं, हे त्याच्या हातात. हे काम मागून मिळत नाही. धानाच्या रोवण्याआधी सगळे शेतकरी तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बसतात आणि त्या हंगामाचा पाणकर नेमतात. दादाला नऊ वर्षं विचारण्याचीही गरज पडली नव्हती. बसायचे, तंबाखू मळायचे, उठायचे. त्या वर्षी मात्र लोक म्हणू लागले की औंदा माणूस बदलू. आणि काम गेलं तर दादाजवळ दुसरं काहीच उरत नव्हतं.

झालं होतं असं. तळ्याच्या पाळीखालून पाणी बाहेर नेणारी मोरी असते, तिला आम्ही तुडूम म्हणतो. तिच्या तोंडावर दगडात भोक, आणि भोकात लाकडाचा खुंटा. पाणी सोडायचं तर कमरेइतक्या पाण्यात उतरून खुंटा काढायचा, बंद करायचं तर पुन्हा ठोकून बसवायचा. आदल्या साली, धानात दाणा भरायच्या ऐन दिवसांत, सकाळी लोक उठून पाहतात तर खुंटा निघालेला, पाट भरून वाहून गेलेला आणि तळ्यात चिखल. शेवटच्या बांध्यांना पाणी मिळालं नाही. धान पोचट निघालं. आदल्या संध्याकाळी खुंटा दादानं बसवला होता. निदान दादा तसं म्हणाला. मग महिन्याभरानं म्हणाला, "बसवला होता वाटते." मग तेही म्हणेनासा झाला.

त्यानंतर तो तुडुमापाशी जायचा, पाण्यात उतरून खुंटा चाचपायचा, वर यायचा, घराच्या वाटेला लागायचा आणि अर्ध्यातून परत फिरायचा. एका संध्याकाळी सात सात वेळा. तळ्यात हातभर पाणी नव्हतं तेव्हाही.

"देव कोपला तळ्याचा," माय म्हणाली. "पुजाऱ्याले घरी आणून एक कोंबडा..."

"कोंबड्यानं काय होते? खुंटा बसते का कोंबड्यानं?"

"तू चूप राह्य. चार कागदं वाचून तुले अक्कल आली म्हनजे देव मेला का?"

चार कागदं नव्हे. गेली दोन वर्षं मी पत्रकंच लिहीत होतो. अंगात येणं, कौल लावणं, लिंबू कापणं, ह्या सगळ्यांच्या विरुद्ध. गोंदियाच्या बाजारात उभा राहून वाटायचो. एक फुटाणेवाला रोज माझ्याकडून मूठभर न्यायचा. मला वाटायचं, हा एक जागा झालेला माणूस. एक दिवस म्हणाला, "पंडितजी, कागज थोडा मोटा छपवाओ, चना गिर जाता है." तरी मी थांबलो नाही. चूक लोकांची आहे, माझी नाही, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

आणि आता माझ्याच घरात पुजारी येणार! मी गाडीनं नागपूरला गेलो आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मनोविज्ञानावरची एक पुस्तिका घेऊन आलो. तिच्यात म्हटलं होतं की माणसाला स्वतःच्या मनाचा वरचा थरच तेवढा दिसतो. खाली काय दाबलेलं आहे ते त्याचं त्याला माहीत नसतं. ते वर काढण्यासाठी चाळीस शब्दांची एक यादी होती. एक एक शब्द वाचायचा, आणि ऐकणाऱ्यानं मनात येईल तो पहिला शब्द लगेच सांगायचा. जिथे उत्तराला उशीर होईल, तिथे गाठ आहे असं समजायचं. पुस्तिकेतली सगळी उदाहरणं शहरातल्या वकिलांची आणि त्यांच्या बायकांची होती. मी म्हटलं, मन ते मन.

दुपारी दादाला ओसरीत बसवलं.

"कायले?" तो म्हणाला.

"औषध आहे."

"कडू?"

"नाही. मी शब्द सांगतो. तू पहिला येईन तो शब्द बोल. उशीर झाला म्हणजे गाठ. विचार नाही करायचा."

"विचार न कराचं औषध," वहिनी चुलीपासून म्हणाली. "भाऊजी, ते तं तुमच्याजवळ पहिल्यापासून आहे."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. "आई," मी वाचलं.

"मोहवाली."

"घर."

"दोन आंब्यांची."

"आग."

"बोडीखालची."

हा घाबरवणारा प्रकार होता. आईला उत्तर मोहाचं! एकाही शब्दाला उशीर नाही, एकाही उत्तराचा प्रश्नाशी संबंध नाही. एकोणतीस उत्तरं झाल्यावर दादा म्हणाला, "झालं. सरले." आणि उठून तळ्याकडे चालता झाला. अकरा शब्द तसेच राहिले.

त्या दोन दिवसांत मी एक अहवाल लिहिला. रोग खोल आहे, रोग्याचं मन शब्दांपासून तुटलेलं आहे, पुजाऱ्याचं काम नाही, डॉक्टरचं आहे, नागपूरच्या पागलखान्यात दाखवावं, असा. ते शेवटचं वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. पाणकर नेमायच्या सभेत वाचायला म्हणून लिहिलं होतं. आधी वहिनीला वाचून दाखवलं, कारण तिनं हो म्हटलं तर मायनं ऐकलं असतं.

तिनं उत्तरांची यादी ऐकली. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला. मग ती अशी हसली की सूप मांडीवरून घसरलं.

"अहो भाऊजी, हा तं पाण्याचा नंबर आहे! पहिले मोहवाली, मंग दोन आंब्यांची, मंग बोडीखालची. एकोणतीस बांध्या आहेत तळ्याखाली. ते तुमचं काही ऐकूनच नाही राहिले. मनात पाणी फिरवून राहिले."

धान पिकवणाऱ्या घरात जन्मलो, पाणकराचा भाऊ, आणि मला बांध्यांची नावं रोगाची लक्षणं वाटली. पत्रकं वाटायच्या नादात मी किती हंगाम बांधीत उतरलोच नव्हतो!

पण मग दादा बरा होता का? एकोणतीसच्या एकोणतीस बांध्या ओळीनं सांगणारा माणूस वेडा कसा? आणि वेडा नाही तर कोरड्या तळ्यात सात वेळा खुंटा कशाला चाचपतो? मी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचली. एका पानावर एक, दुसऱ्या पानावर त्याच्या उलट. मला राग आला. पुस्तिकेचा, दादाचा, वहिनीच्या हसण्याचा. कोणाचा जास्त, ते सांगता येत नाही.

सभेच्या आदल्या दिवशी दादा स्वतःहून माझ्याजवळ आला. यादी उचलली. त्याला वाचता येतं, हळू वाचतो.

"आता तू," तो म्हणाला.

"मी कायले? मले काय झालं?"

"औषध आहे ना? मंग घे. आई."

"अज्ञान," माझ्या तोंडून निघालं.

माय आत होती. ऐकलं असेल की नाही, मला अजून माहीत नाही. दादानं मान वर केली नाही.

"घर."

"सुधारणा."

"आग."

"क्रांती."

"भाऊ."

"बंधूंनो," मी म्हणालो, आणि वहिनी आतून फिस्सकन हसली.

एकेक शब्द बाहेर पडत होता आणि तो माझाच कुठल्या तरी पत्रकातला होता. दादाच्या मनात निदान बांध्या होत्या. माझ्या मनात माझं असं काय होतं? छापखान्यातली खळ? मी म्हणत होतो की लोक दुसऱ्याचं बोललेलं बोलतात!

मग दादानं यादीत नसलेला एक शब्द टाकला. मुद्दाम टाकला की त्याच्या तोंडी सदा तोच होता म्हणून आला, मला ठरवता येत नाही.

"खुंटा."

तोंड उघडलं होतं. शब्द आला नाही. दादा थांबला. बाहेर कोणीतरी बैल हाकत गेलं, त्याच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत मी तसाच बसून होतो.

"उशीर झाला म्हनजे गाठ," दादा हळूच म्हणाला. "तूच म्हनला होता."

आणि मला ते आठवलं. आठवलं की काय झालं, तेही सांगता येत नाही. खुंटा निघाला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दोन मित्रांबरोबर गाडीनं आलो होतो. भिंतींवर पत्रकं चिकटवून हात खळीनं माखलेले. आम्ही तळ्यात उतरलो, हात धुतले, पोहलो. तुडुमापाशी बुडी मारून खुंट्याला धरून श्वास कोंडायचा, कोण जास्त टिकतो पाहायचं, हा आमचा लहानपणापासूनचा खेळ. माझ्या तळहाताला शेवाळलेलं लाकूड आठवत होतं. ते हललं, हेही आठवत होतं. पण ती संध्याकाळ तीच होती, की सहा वर्षांपूर्वीची? लाकूड हललं होतं, की बुडीत डोकं गरगरतं तसं मलाच वाटलं होतं? आणि हे आता मला आठवत होतं, की पुस्तिका वाचून माझं मन मला गोष्ट रचून देत होतं?

मित्रांना विचारलं. एक म्हणाला, त्या दिवशी आपण पोहलोच नाही. दुसरा म्हणाला, पोहलो, पण पलीकडच्या घाटावर.

दुसऱ्या दिवशी सगळे पाळीवर जमले. गावातला सगळ्यात म्हातारा शेतकरी मधे बसला होता. ज्याची बांधी शेवटची, ज्याचं धान पोचट गेलं, तो काका त्याच्या शेजारी. दादा लांब, तुडुमाकडे पाठ करून. मी कागद हातात घेऊन उभा राहिलो.

"पत्रक आहे का?" म्हातारा म्हणाला. "वाचू नको बावा. वाटून टाक."

लोक हसले. मी कागद घडी करून खिशात घातला.

"खुंटा मी काढला असेन," मी म्हणालो.

"असेन म्हनजे?" काका उठलाच. "काढला का नाही?"

"मले नाही माहीत. आम्ही त्याले धरून खेळत होतो. त्याच दिवशी का दुसऱ्या, ते मले आठवत नाही. पण दादानं बसवला नव्हता, असं मी तरी म्हणू शकत नाही."

"अबे, तू काय बोलून राहिला? माझं धान गेलं आणि तुले आठवत नाही?"

"नाही आठवत, काका."

बराच वेळ गोंधळ झाला. कोणी म्हणालं, भावाला वाचवून राहिला. कोणी म्हणालं, पहिल्यापासून आगाऊच आहे. शेवटी म्हाताऱ्यानं तंबाखू थुंकला. "याले आठवत नाही, त्याले आठवत नाही. आणि पाण्याचा नंबर एकट्यालेच पाठ आहे. नवीन माणूस आणला तं तो माझी बांधी पहिले शोधीन का पाणी?" दादाला ठेवला. मला हंगामभर पाळीवर माती टाकायला लावली. शेवटच्या बांधीवाला काका मान हलवत निघून गेला.

दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं होतं, त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. पाचव्या दिवशी पाळीवर मी मातीची पाटी उतरवत असताना तो जवळ येऊन उभा राहिला.

"खरं सांग. काढला होता?"

"नाही माहीत, दादा."

"मंग माझ्यासाठी खोटं बोलला."

"ते बी नाही माहीत."

त्यानं मला शिवी दिली. फार दिवसांनी दिली. मग पाण्यात उतरला, खुंटा चाचपला, वर आला. घराकडे चार पावलं गेला आणि थांबला. वहिनी म्हणते, आता तीनदाच परत फिरतात. हे बरं होणं आहे का? पुजारी आला नाही, डॉक्टर आला नाही, पुस्तिका चूक निघाली की बरोबर, मला कळलं नाही. ह्यावर पत्रक लिहायला बसलो तर एकाही वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह बसेना.

"बंद आहे?" दादानं मला विचारलं.

"आहे. आत्ता तूच पाह्यलं."

"तू पाह्यलं का?"

मी पाटी खाली ठेवली, धोतर खोवलं आणि पाण्यात उतरलो.