सोडलेलं मनगट

ज्यूदोत पहिले तीन महिने मला फक्त पडायला शिकवलं. अंबाजोगाईच्या कॉलेजात आमचे क्रीडाशिक्षक एकेकाला गादीवर पाडायचे. पडताना हनुवटी छातीला लावायची, सबंध हात गादीवर आपटायचा, पण पंजा टेकवून अंग सावरायला जायचं नाही. टेकवला तर हात मोडतो. हे मला झोपेतही आलं असतं. त्यामुळे पुढे जे झालं ते अजाणता झालं असं मला म्हणता येत नाही.

दुष्काळात विहीर आटली तेव्हा वडिलांनी कॉलेज सोडायला लावलं आणि मी धारूरकडच्या आमच्या गावी परतलो. गावात तालीम होती. शेजारच्या घरातला, माझ्याच वयाचा पैलवान माझा जोडीदार झाला. मी ज्यूदोचं सांगितलं तेव्हा वस्ताद हसले.

"कोट घालून कुस्ती? थंडी वाजती का बे तुमाला?"

जोडीदार म्हणाला, "कापडं धरून बाजारात भांडतेत वस्ताद, हौद्यात न्हाई."

बोलणं खोटं नव्हतं. ज्यूदोत बाही आणि गळपट्टी हातात असते. तालमीत लंगोट सोडला तर धरायला काही नाही. तरी त्याला उत्सुकता होती. रोज सकाळी मेहनत झाली की आम्ही दोघं हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीत, तेच करत बसायचो. बाहीच्या जागी मनगट धरून ते काखेत आवळायचं. गळपट्टीच्या जागी मानेमागे पंजा घालायचा, नाहीतर काखेखालून हात नेऊन पाठ कवटाळायची. कोट असला की हातभर अंतरावरून ओढता येतं. इथे छातीला छाती लागेपर्यंत आत शिरावं लागायचं, कारण जरा सैल पडलं की घामानं सगळं निसटायचं.

खांद्यावरून फेकायचा डाव बघून तो म्हणाला, "ही तर आपली धोबीपछाड हाय की बे."

पण मी गुडघे वाकवून त्याच्या खाली शिरत होतो आणि तो अलगद उचलला जात होता. ते त्याला आवडलं.

पडणं मात्र मी शिकवू शकलो नाही. एकदा सुरुवात केली तर वस्ताद ओरडले, "पैलवानाला पाठ टेकायची सवय लावतोस का बे?" कुस्तीत पाठ लागली की संपलं. त्यामुळे पैलवान पडताना काहीही करून पाठ वाचवतो. कूस बदलतो, हात रोवतो. मी तो नाद सोडला. फेकल्यावर शेवटपर्यंत त्याचं मनगट सोडायचं नाही आणि वर ओढून धरायचं, एवढं मात्र मी स्वतःशी ठरवलं. ज्यूदोत बाही धरून ठेवतात ती त्यासाठीच, म्हणजे समोरचा कुशीवर, हलका पडतो.

त्या उन्हाळ्यात गावाला टँकर होता. वस्तादांनी हौद्यात पाणी टाकायचं बंद केलं. "माणसं तहानली हायेत, मातीला कुठनं आणू?" आम्ही कुदळीनं वरची माती भुसभुशीत करायचो, पण चार बोटांखाली फरशीसारखी जमीन लागायची.

त्याच दिवसांत सहकारी साखर कारखान्याला गेटवर एक पैलवान गडी हवा होता. संचालक तालमीत येऊन आम्हा दोघांची कुस्ती बघणार होते आणि एकाला घेणार होते. जोडीदारच जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. तो माझ्यापेक्षा चांगला होता. मलाही ते माहीत होतं.

संचालक खाटेवर बसले. जोडीदारानं मला दोनदा खाली नेलं, मी पाठ वाचवली. तिसऱ्यांदा मला त्याचं मनगट सापडलं. ते काखेत आवळून मी खाली शिरलो आणि तो खांद्यावर आला. तो हवेत होता तेव्हाही मनगट माझ्या मुठीत घट्ट होतं. वर ओढायचं होतं. मी मूठ उघडली.

त्यानं हात रोवला. कोपर उलटं गेलं. टेम्पोतून त्याला अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पण हात पुरता सरळ झाला नाही.

"घामानं निसटला," असं मी वस्तादांना सांगितलं, त्याच्या आईलाही सांगितलं. नोकरी मला लागली.

पुढे पावसाळे बरे झाले, ऊस आला. तो बायकोबरोबर आमच्याच कारखान्याच्या तोडीला यायचा. इतर जोड्यांत गडी तोडतो आणि बाई मोळ्या बांधते. यांच्यात कोयता बायकोच्या हातात होता, मोळ्या हा बांधायचा. दर हंगामात त्याची बैलगाडी माझ्या गेटमधून आत जायची. तो "काय ज्यूदोवाले?" म्हणायचा आणि मी हसायचो.

गेल्या हंगामात त्याची गाडी रांगेत अडकली होती. मी खुर्ची सोडून त्याच्याकडे गेलो आणि सांगितलं. घाम नव्हता, मी सोडलं.

तो बैलांना पेंढी टाकत होता. हात थांबला नाही.

"मनगट माझं होतं की बे," तो म्हणाला. "निसटलं का सोडलं, त्याला कळत न्हाई व्हय?"

"मग इतकी वर्षं बोलला कावून न्हाईस?"

"तू बोलतूस का ते बघत होतो. लई उशीर केलास."

रांग पुढे सरकली. तो गाडीवर चढायला लागला. वाकड्या हातानं गाडीच्या साटीची कड धरता येत नव्हती, म्हणून मी त्याचं मनगट धरून त्याला वर ओढलं. वर बसल्यावर त्यानंच ते माझ्या मुठीतून सोडवून घेतलं आणि कासरा धरला.