बन्सीलाल गार्डची तीन पुस्तकं

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत शेजारी काय शिजतंय हे फोडणीच्या वासावरून सांगणारी माणसं होती, आणि त्यांत मी काही मागच्या रांगेतला नव्हतो. त्यामुळे बन्सीलाल गार्ड आपल्या रेस्टच्या दिवशी घरात पाय पसरून झोपायचं सोडून सकाळच्या यावल एस.टी.त बसतो, आणि दिवे लागायच्या सुमाराला धुळीनं भरलेले पाय आणि चेहऱ्यावर हसू घेऊन परततो, ही बातमी आमच्या ओळीत पहिल्यांदा मला लागली. दुसरा नंबर शेजारच्या तानुबाईचा. तिनं लगेच निकाल देऊन टाकला.

"डोंगरात कोनी ठेवली असंन. मी सांगते तुमाले."

"तानुबाई, डोंगरात ठेवायला ती काय लोणचं आहे?"

"हसा तुमी. मानूस रेस्टच्या दिवशी जिलबी घेऊन घरी येतो, त्याले कारन लागतं."

ही अठ्ठ्याऐंशी सालातली गोष्ट. आणि गंमत अशी, की तानुबाईचं म्हणणं निम्मं खरं निघालं. डोंगरात एक जण होतीच. फक्त तिचं वय नऊ वर्षांचं होतं, आणि सव्वीस वर्षं ते नऊच राहिलं होतं.

ती बन्सीलालची धाकटी बहीण द्रौपदा. ही मंडळी मूळची फैजपूरकडच्या एका खेड्यातली. घरामागे केळीची बाग, बागेमागे सातपुडा. बन्सीलाल अठरा वर्षांचा असताना दोघं भावंडं टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वेचायला बोरनाळ नावाच्या खोऱ्यात गेली. पोरगी थकली. त्यानं तिला एका मोठ्या काळ्या दगडावर बसवलं, "इथंच थांब, मी पाणी आणतो," म्हणाला आणि झऱ्याकडे गेला. पाणी घेऊन वळला तर समोर दगड होता. हुबेहूब तोच. पण त्यावर द्रौपदा नव्हती.

आता आमच्याकडच्या माणसाला रानात असं काही दिसलं की तो दुसरा विचारच करत नाही. चकवा. चकवा लागला की तो ओळखीची जागा दाखवतो, पण ती खोटी असते. तिकडे जायचं नाही. नाव घेऊन हाक मारायची नाही, कारण ओ दुसराच कुणी देतो. अंगातला सदरा काढायचा, उलटा करून घालायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचं. लहानपणापासून आजीनं, आईनं, गुराख्यांनी हेच शिकवलेलं. पोरानं तेच केलं. उलटा सदरा घालून, तोंड मिटून तो तिथून चालत सुटला तो संध्याकाळी कुठल्या कुठे निघाला. दुसऱ्या दिवशी गाव शोधायला गेलं, तेव्हा त्या दगडापाशी हाच म्हणाला, "हा तो दगड नव्हे. हा चकव्यानं दाखवला होता." गावानं मान हलवली आणि दुसरीकडे शोधलं. पोर सापडली नाही.

त्यानंतर बन्सीलाल रेल्वेत लागला, गार्ड झाला, लग्न झालं, मुलगी झाली, मुलगा झाला. माणूस चांगला. पण एक खोड आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. तो कुणालाही "थांब" म्हणायचा नाही. कटिंगला न्हाव्याकडे गेला तर दोन्ही पोरं बरोबर, रॉकेलच्या रांगेत उभा राहिला तर दोन्ही पोरं बरोबर. आम्ही चिडवायचो, "बन्सीभाऊ, पोरं आहेत का जोडलेले डबे?" तो हसायचा आणि पोरांचे हात आणखी घट्ट धरायचा.

त्याची बायको सुनंदाबाई मात्र कणखर. रंजना, म्हणजे थोरली, सहावीत गेली तेव्हा शाळेतल्या मैत्रिणी कुठे पाटणादेवीला जाऊन आल्या, कुठे उनपदेवला. रंजनानं घरात धरणं धरलं. एक दिवस सुनंदाबाई म्हणाली, "जन्मभर शेवटच्या डब्यात बसून मागं जाणारं जग बघितलंत. एकदा पोरांना घेऊन पुढं चाला की."

बन्सीलाल म्हणाला, "नेतो. पण पुस्तकाशिवाय नाही. आणि रोड लर्निंगशिवाय नाही."

रेल्वेबाहेरच्यांसाठी सांगतो. नव्या लाइनीवर गाडी न्यायची तर आधी तिथं नुसतं फिरावं लागतं. चढ कुठे, वळण कुठे, सिग्नल कुठल्या झाडाआड लपतो, सगळं डोळ्यांखालून घालायचं. मग सही करायची, की ही वाट मला येते. त्याशिवाय गाडी हातात मिळत नाही. बन्सीलालनं ठरवलं की पुस्तक घेऊन प्रत्येक वाट आधी स्वतः तीनदा चालायची. पोरं चौथ्या खेपेला.

पुस्तकासाठी तो जळगावला सुपडू आबांच्या दुकानात गेला. शाळेची गाइडं आणि पंचांगं यांच्या मधल्या फळीवर आबांनी खानदेशातल्या एका दिवसाच्या भटकंतीची तीन पुस्तकं ठेवली होती. एका बाजूला लळिंगचा किल्ला, दुसऱ्या बाजूला पालचं जंगल, मधे सगळं काही. बन्सीलालनं तिन्हीत एकच पान उघडलं. बोरनाळ.

आबा मिशीतल्या मिशीत हसले. "भाऊ, लोक किंमत बघतात, चित्रं बघतात. तुम्ही मुलगी बघायला आल्यासारखे एकाच पानाकडे काय बघता? तिथं ना देऊळ, ना धबधबा. चहाची टपरीसुद्धा नाही."

"आबा, यातलं खरं कुठलं?"

"छापलेलं सगळं खरंच असतं," आबा म्हणाले. "खपेपर्यंत."

त्यानं पहिलं उचललं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, लिहिणारे गृहस्थ लांबच्या शहरातले. बोरनाळबद्दल त्यांनी लिहिलं होतं की खोऱ्यात ठिकठिकाणी सारख्याच काळ्या शिळा विखुरल्या आहेत आणि त्या पाहून मन थक्क होते. हे गृहस्थ बोरनाळला गेले नसावेत, असं माझं आजही मत आहे. बन्सीलाल ते पुस्तक घेऊन तीनदा गेला आणि तिन्ही वेळा वाट चुकला. तिन्ही वेळा जिलबी घेऊन आला. कारण तुमच्या लक्षात आलं असेल. शिळा जर पुष्कळ असतील, तर त्या दिवशी त्यानं पाठ फिरवली तो दगड दुसराच होता. मग चकवा खरा, आणि बन्सीलाल दोषातून मोकळा.

सुनंदाबाई म्हणाली, "ज्या पुस्तकानं तुम्ही तीनदा चुकलात, त्याच्या भरवशावर पोरांना नेणार?"

गार्ड माणूस. त्यानं दुसरं पुस्तक आणलं. त्यात नकाशा होता, आणि नकाशात शिळा ओढ्याच्या पलीकडे, झऱ्याच्या वर दाखवली होती. तिथं खरंच एक कातळ सापडला. त्या संध्याकाळी जेवताना तो मधेच हसला. "दोन आहेत," म्हणाला. "सुनंदा, दगड दोन आहेत." तिनं मला सांगितलं, की लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि तिच्या अंगावर काटा आला. त्या महिन्यात तो गाढ झोपला. रोज.

पण रोड लर्निंगचा नेम आड आला. तोच नकाशा पोरांच्या वाटेसाठी तपासायला तो पुन्हा गेला, तर उतरताना नकाशातली पायवाट सरळ कड्यावर जाऊन संपली. तो कड्याच्या टोकावर उभा राहिला आणि त्याला रंजनाचा पाय दिसला, टोकावरून पुढे पडणारा. हे त्याचेच शब्द.

तिसरं पुस्तक त्यानं नाइलाजानं घेतलं. धुळ्याच्या कुठल्याशा छापखान्यातलं, कागद पिवळा, चित्र एक नाही. लिहिणारे जंगल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी म्हणजे हुकूम. "झऱ्यापाशी उभे राहावे. उजव्या हातास एक मोठी शिळा दिसते. बसण्याजोगी शिळा खोऱ्यात ही एकच. ओढ्यापलीकडील कातळ लांबून तसाच वाटतो, परंतु उतरता असल्याने त्यावर बसता येत नाही."

बन्सीलाल पलीकडच्या कातळावर बसायला गेला. घसरला. पुन्हा बसला, पुन्हा घसरला. मग झऱ्यापाशी येऊन उभा राहिला आणि उजवीकडे बघितलं.

त्या दिवशी तो जिलबी न घेता आला. पुढच्या रेस्टला पुन्हा गेला, त्याच्या पुढच्या रेस्टला पुन्हा. पुस्तकात एक पाऊल चुकीचं निघालं नाही.

"भांडन झालं वाटतं दोघांचं," तानुबाई म्हणाली.

ओट्यावर बन्सीलाल बसला होता, मांडीवर ते पिवळं पुस्तक. मी म्हटलं, "काय बन्सीभाऊ, ठरलं का एकदाचं?"

"ठरलं," तो म्हणाला. "पहिली दोन चांगली होती. झोप यायची. पण पोरं न्यायची तर हेच."

शिमगा झाल्यावर एका रविवारी चौघं गेले. एस.टी., मग पायवाट. रंजना पुढे, पुस्तकातलं एकेक वाक्य मोठ्यानं वाचत. धाकटा तिच्या मागे, काठीनं झुडपं झोडत. उन्हं चढली तेव्हा ते शिळेपाशी पोचले आणि शिदोरी सोडली. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. भरीत तिखट झालं होतं, त्यामुळे पाणी संपलं.

सुनंदाबाई म्हणाली, "झरा इथून दिसतोय. घेऊन या."

"सगळे चला," तो म्हणाला.

"धाकट्याच्या पायाला फोड आलाय. जा की. आम्ही कुठं जातोय?"

तो गेला. सुनंदाबाई सांगते, तो उलटा चालत गेला म्हटलं तरी चालेल, इतका मागं बघत होता. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात पुस्तक.

पुढचं त्यानं मला स्वतः सांगितलं, एकदाच, आणि मीही आजवर ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या स्वभावात न बसणारी ही एवढी एकच गोष्ट माझ्या हातून झाली. झऱ्याला धार बारीक होती. कॅन भरायला वाकून बसावं लागलं. भरून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि उजव्या हाताला बघितलं.

शिळेवर कुणी नव्हतं.

पाखरू ओरडलं नाही की पान हललं नाही, तो म्हणाला. फक्त तापलेला काळा दगड. आणि त्याचा हात आपोआप सदऱ्याच्या गुंडीकडे गेला. एक गुंडी सुटली. दुसरीही सुटली. मनात आलं, हा तो दगड नव्हे. पाय वळायला लागले होते. मग हातातल्या पुस्तकाकडे लक्ष गेलं. त्यात काय लिहिलंय हे त्याला पाठ होतं. खोऱ्यात ही एकच.

तो शिळेकडे चालत गेला. ओरडला नाही, पळाला नाही. शिळेपाशी पोचला. पुढे आणखी चालला, वळसा घालून मागच्या बाजूला, जिथं अठराव्या वर्षी तो गेलाच नव्हता.

तिथं शिळेच्या पोटाशी एक खोलगट जागा होती. गार, सावलीची. झऱ्यापासून दिसत नाही अशी. तिथं तिघं टेकून बसली होती. धाकटा आईच्या मांडीवर झोपला होता. रंजना टाचा घासून मातीत रेघा काढत होती.

त्यानं सगळ्यांना पाणी दिलं. मग विचारलं, "इथं कधी आलात?"

"तुम्ही पाणी भरायला वाकलात तेव्हाच," रंजना म्हणाली. "दगड तापला होता ना बाबा. तिथं कोण बसेल?"

तो खाली बसला, तिच्या शेजारी, उघड्या गुंड्यांनी. सुनंदाबाई म्हणते, दुपार झाली, सावली आक्रसत आक्रसत दगडाखाली गेली, त्या बाजूलाही ऊन आलं. पोरं "चला ना, चला ना" करायला लागली. तो काही उठेना.