शेवटपर्यंत

नाटकाची तिसरी घंटा झाली की ती चपला काढायची आणि खुर्चीवर चक्क मांडी घालायची. "आता मला कोणी उठवू नका हं," असं शेजारच्या अनोळखी माणसालाही बजावायची.

ती आमच्या ऑफिसातली, लालबागला राहणारी. गेल्या वर्षी नोकरी सोडून आईसोबत मालवणला गेली. माझ्या शेजारचं तिचं टेबल अजून रिकामंच आहे.

नाटक बघताना गप्प न बसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही तर थेट पात्रांशी बोलायची. "अरे मेल्या, दाराआड उभा आहे तो!" मागून कोणी शुक् केलं की वळून म्हणायची, "तुम्हाला नाही, त्याला सांगतेय."

तिचे वडील गेले तेव्हा हॉस्पिटलपासून तेराव्यापर्यंत सगळं तिनंच निभावलं. आईला सावरलं, पण स्वतः रडली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वेळ कुठे होता गं?"

पुढे एका रविवारी दुपारी मीच तिला ओढून दादरला नाटकाला नेलं. विनोदी आहे, असं ऐकलं होतं. पण दुसऱ्या अंकात नाटकातल्या वडिलांनी अंथरूण धरलं. शेजारून आवाज येईना. बघते तर ही चपला हातात घेऊन बाहेर निघालेली.

कँटीनपाशी गाठली, तर बटाटेवडा खात होती. "त्यांचं मरून होऊ दे," म्हणाली, "मग जाऊ आत."

आत गेलोच नाही. टाळ्या ऐकू आल्या तशी ती सरळ रंगपटात शिरली, मागोमाग मी. वडील झालेले ते म्हातारे नट मिशी काढून चहा पीत होते.

"काका, बरे आहात ना?" तिनं विचारलं. "मी मधूनच उठून गेले. माझे बाबा आत्ताच गेलेत."

त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या रविवारी परत प्रयोग आहे. ये. जमेल तेवढं बस."

"आणि नाहीच जमलं तर?"

"मग त्याच्या पुढच्या रविवारी."

पुढच्याच रविवारी ती गेली, पण मला विचारलंच नाही. सोमवारी ऑफिसात आली ती सुजलेले डोळे घेऊन.

"एकटीच गेले. बसले शेवटपर्यंत," ती म्हणाली. मग पर्स टेबलावर ठेवता ठेवता थांबली. "बाबा गेले ना, तेव्हा मी खाली औषध आणायला गेले होते गं."

आणि सगळ्या ऑफिससमोर, माझा हात घट्ट धरून, ती हमसून हमसून रडली.