थोरलीचा गोड आवाज

थोरली वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायची. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि वर साखरेत घोळवून म्हणायचं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." आवाज जरा चढला की पर्यवेक्षक बाई काचेआडून बोट दाखवायच्या. अशी किती वर्षं गेली, आणि मग राग येणंच बंद झालं. नवरा वैतागायचा, "अगं, भांड ना जरा! मी काय ग्राहक आहे?" पण भांडायलाही अंगात त्राण लागतं. ते घरी पोचेपर्यंत उरतंय कुणाला?

तिच्या माहेरची तऱ्हाच न्यारी. तिथे माया करायची तीसुद्धा ओरडून. पोरीला ताप आला की आई आधी फैलावर घ्यायची, मग कपाळाला हात लावायची. गोडीत चौकशी करायची ती परक्यांची. आणि परक्यांना आपलं दुखणं सांगायचं नाही, हाही त्या घरचा कायदाच.

आई आता एकटी राहत होती. शेजारणीने कळवलं, म्हातारी जिना चढताना मध्येच बसते, विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. थोरलीने कामाची पाळी संपताच, खुर्चीवरूनच रोजचा फोन लावला.

"आई, तुला काही त्रास होतोय का?"

"छे हो, सगळं छान आहे."

"काही लागलं तर नक्की कळव."

"कळवीन हं. तुम्ही कशाला काळजी करता?"

तुम्ही! पोटच्या पोरीला! म्हातारी डॉक्टरलाही हेच सांगणार, आणि एक दिवस त्या जिन्यातच राहणार. थकलेल्या बाईचा राग वर यायला वेळ लागला, पण आला.

"ए म्हातारे! जिन्यात बसकण मारतेस आणि मला छान सांगतेस होय गं? बोल पटकन, नाहीतर तिथे येऊन चांगली खरडपट्टी काढते तुझी!"

आजूबाजूची डोकी वळली. पर्यवेक्षक बाईंचं बोट वर आलं, पण थोरलीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

पलीकडे आई रडायला लागली. "मेले, छातीत दुखतंय गं. डावा हात भरून येतो."

"जागची हलू नकोस. शेजारणीला पाठवते, मी निघालेच. पण इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"तुला कुठून सांगू? फोनवर रोज ती एक बाई असायची. फार सभ्य होती बिचारी."